एम-वन राहिला म्हणून लेकीला घरी आणू नका

सोमवारी रात्री साडेदहाला बार्शीहून ताईचा फोन. "हे म्हणतायत, शनिवारी गाडी पाठवू का? सामानासकट घेऊनच येतो तिला."

भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, धनकवडीत कॉट बेसिसवर राहते. त्या दिवशी इन-सेमचे (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे) मार्क लागले होते, एम-वनला (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-1 ला) 30 पैकी 8. पण 8 मार्कांनी ताई एवढी घाबरली नसती. तिचे हातपाय गळाले ते नणंदेनं पाठवलेल्या फॉरवर्डमुळे. तो मेसेज गेल्या पंधरा दिवसांत माझ्याही तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी तो सोडून दिला होता. आता तो आमच्याच घरातल्या मुलीला उचलून न्यायला निघालाय. मी पुण्यात 14 वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवते, त्यामुळे याला उत्तर देणं मला भाग आहे.

मेसेजचं शीर्षक "पालकांनो, वेळीच जागे व्हा!", खाली सही "एक अनुभवी प्राध्यापक". नाव नाही, कॉलेज नाही. म्हणणं थोडक्यात असं: पहिलं वर्ष मुलांना गाळण्यासाठीच असतं. पहिल्या सेमिस्टरला एम-वनमध्ये अडकला तो इंजिनिअरिंगचा नाहीच, त्याला लगेच घरी आणा, निदान पैसे तरी वाचतील. ग्रुप स्टडी म्हणजे टाइमपास, मुलाला मित्रांपासून तोडा, खोलीत एकट्याला बसवा, फोन काढून घ्या. एक केटी लागली, म्हणजे एक विषय राहिला, की कॅम्पस (कॉलेजातून मिळणारी नोकरी) संपला. मराठी माध्यमाच्या मुलांनी या वाटेला जाऊ नये. आणि इंडक्शन, मेंटॉर वगैरे नुसती धूळफेक.

आधी तो एकट्याला बसवण्याचा सल्ला घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

मंगळवारी संध्याकाळी भाचीच्या खोलीवर गेले. चार कॉट, एक ट्यूबलाइट, खिडकीत वाळत घातलेले कपडे. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसली होती. वही बघितली तर अक्षर मोत्यासारखं, पानंच्या पानं गणितं उतरवलेली. पार्शल डिफरन्सिएशन चालू होतं, म्हणजे एक चल बदलता ठेवून बाकीचे स्थिर धरायचे आणि डेरिव्हेटिव्ह काढायचं. म्हटलं, वही मीट, आणि मला एक्सचा वर्ग गुणिले वाय याचं एक्सच्या संदर्भात पार्शल डेरिव्हेटिव्ह काढून दाखव. तिनं लिहिलं, दोन एक्स.

"वाय कुठे गेला?"

"मावशी, वाय कॉन्स्टंट धरायचा ना? मग कॉन्स्टंटचं डेरिव्हेटिव्ह झीरो."

मी विचारलं, पाच एक्स वर्गाचं काय? क्षणात म्हणाली, दहा एक्स. "मग तिथला पाच का नाही उडवलास?" ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे वायला पाच समजायचं?" आणि मी काही बोलायच्या आत पेन उचलून मागची गणितं स्वतःच दुरुस्त करायला लागली. एकट्यानं कॉन्स्टंट उभा असेल तर तो शून्य होतो, गुणलेला असेल तर तसाच राहतो, हे तिला बारावीत येतच होतं. नवं चिन्ह बघून ती बिचकली, एवढंच. ही एक गाठ किती दिवस तशीच बसली होती. सुटायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

खरं वाईट वाटलं ते पुढे. शेजारच्या कॉटवरची मुलगी लातूरची, ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला) आहे, तिलाही हाच एम-वन. दोघी हातभर अंतरावर बसून तेच गणित करत होत्या आणि एकमेकींना एक अक्षर विचारत नव्हत्या. भाची दहावीला शाळेत पहिली आलेली, आपल्याला येत नाही हे कबूल करायची तिला लाज. त्यात घरून बजावलेलं, रूममेटच्या नादी लागू नकोस. म्हणजे त्या फॉरवर्डमध्ये सांगितलंय तसंच ती आधीपासून वागत होती, आणि त्याचेच 8 मार्क पडले होते.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइसमन पीएचडी करत होते. तिथे पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं नापास होत होती. प्राध्यापकांना कारण विचारलं तर त्यांची उत्तरं तयार होती: मुलांना जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, गरिबी आहे. आपल्याकडे स्टाफरूममध्ये जे ऐकू येतं तेच. ट्राइसमन यांनी त्यावर विश्वास न ठेवता 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे महिनोन्महिने राहून ते अभ्यास कसा करतात ते बघितलं. ती चारही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, घरचे पाठीशी होते, पुष्कळजण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते. फरक एकच ठळक दिसला. ती मुलं दार लावून एकटी अभ्यास करायची. चिनी वंशाची मुलं एकट्यानं करायचीच, शिवाय संध्याकाळी जमून एकमेकांची उत्तरं तपासायची, जुने पेपर सोडवायची. कोणाला एखादं गणित अडलं तर ते फक्त त्यालाच अडलंय की सगळ्यांना, हे त्यांना कळायचं.

मग ट्राइसमन यांनी वर्कशॉप सुरू केली. त्यात सोपी उजळणी ठेवली नाही, उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटानं सोडवायला लावली. नापास होणारी म्हणून ज्यांच्याकडे बघितलं जायचं तीच मुलं बाहेरच्या मुलांच्या बरोबरीला आली, पुष्कळदा पुढे गेली. 1992 मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर प्रसिद्ध केलं. त्या निनावी प्राध्यापकांकडे याच्या तोडीचं काही असेल तर त्यांनी दाखवावं.

ग्रुप स्टडीत टाइमपास होतो का? होतो, नाकारत नाही. मध्यरात्री पोहे खायला बाहेर पडणारा ग्रुप आणि गणित सोडवणारा ग्रुप एकच असेल असं नाही. त्याला उपाय साधा आहे. आधी प्रत्येकानं एकट्यानं झटापट करून यायचं, मग बसायचं, आणि ज्याला आलंय त्यानं बोलून दाखवायचं. मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून सोडवलेल्या प्रश्नांचं पुस्तक आणून पाठ करायचं, याला मी ग्रुपमध्येही अभ्यास म्हणत नाही आणि एकट्यानंही म्हणत नाही.

फोन काढून घ्यायचं तर बोलूच नका. टाइमटेबल, असाइनमेंट, परीक्षेचा फॉर्म, फॉर्मचा ओटीपी, सबमिशनची तारीख, सगळं फोनवर येतं. फोन काढून घेतलात तर मूल वर्गातून तुटेल.

आता "घरी आणा, पैसे वाचतील". कोणते पैसे? इन-सेम 30 मार्कांची, एंड-सेम 70 ची. म्हणजे मोठा डाव अजून खेळायचाच आहे आणि हे निकाल लावून मोकळे! भरलेली फी मधेच सोडल्यावर परत मिळत नाही, वर्ष जातं ते वेगळं. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी खोटं आहे. ज्या घरांचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून राज्य सरकारनं पूर्ण माफ केलंय. कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) मिळालेली अशी जागा सोडून घरी नेण्यात बचत कुठली? काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी अशीच पहिल्या सेमिस्टरनंतर घरी नेली गेली. "थोडं सावरू दे, पुढच्या वर्षी बघू," असं तिचे वडील म्हणाले होते. मे महिन्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगा विषय राहिला म्हणून घरी गेला तर वर्षभरानं परत येण्याची आशा असते, मुलीच्या बाबतीत ती फार थोडी असते. ताईला हेच मी सगळ्यात आधी सांगितलं.

केटीचं बघा. पहिल्या वर्षाचे ठरावीक क्रेडिट मिळाले की राहिलेले विषय घेऊन दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिसऱ्या वर्षाला जाण्याआधी मात्र पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं, म्हणून केटी साठवू नये. कॅम्पसला बहुतेक कंपन्या विचारतात ते लाइव्ह बॅकलॉग आहे का, म्हणजे अजून न सुटलेला विषय. काही कंपन्या जुनी केटीही चालवून घेत नाहीत, एवढं त्या मेसेजमधलं खरं. पण काही कंपन्यांच्या अटीसाठी आख्खी डिग्री सोडायची?

मराठी माध्यमाचं ऐकून तर डोक्यात तिडीक जाते. भाची दहावीपर्यंत मराठीतूनच शिकली, आणि तिची अडचण इंग्रजीची नव्हतीच, ती वर सांगितली. 2021 मध्ये एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, तेव्हा इथेच पिंपरी-चिंचवडला पीसीसीओई या कॉलेजमध्ये मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची 60 जागांची तुकडी सुरू झाली. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही आहेत, फुकट उतरवून घेता येतात. इंग्रजी पुस्तकाशेजारी ते उघडून ठेवा, पुष्कळ अडखळणं कमी होतं.

मुलांना गाळण्यासाठी विषय ठेवलेत, यावर फार लिहीत नाही. एम-वनमधले मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यू कॉम्प्युटरच्या मुलांना पुढे मशीन लर्निंगमध्ये पुन्हा भेटतात, फोरिअर सिरीज ई अँड टीसीवाल्यांना रोज भेटते.

राहिला इंडक्शनचा मुद्दा, आणि तो मला मान्य करावा लागतोय. एआयसीटीईनं नव्या मुलांसाठी 3 आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिलाय. मुलांनी एकमेकांना ओळखावं, शिक्षकांशी मोकळं व्हावं, कॉलेज आणि शहर ओळखीचं व्हावं, हा त्याचा हेतू. पुष्कळ ठिकाणी त्याची भाषणं होतात. सभागृहात शेकडो मुलं, स्टेजवर हार-तुरे. कॅपच्या शेवटच्या फेरीतून आलेल्या मुलाला तेवढंही मिळत नाही, तो येतो तेव्हा पहिलं युनिट संपत आलेलं असतं. भाचीला विचारलं, तुझे जीएफएम (मेंटॉर म्हणून नेमलेले शिक्षक) कोण? तिला आडनाव माहीत होतं, चेहरा नाही. जीएफएम म्हणजे हजेरी कमी पडली की घरी फोन करणारे सर, एवढीच तिची समजूत. 20-25 मुलांमागे एक शिक्षक नेमायचा तो मूल बुडायच्या आत हात द्यायला. माझ्या वर्गात 60-70 मुलं असतात, इन-सेमनंतर प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं म्हटलं तरी पाच-सहा तास लागतात. ते मी काढते, पण सुरुवातीची काही वर्षं मीही काढत नव्हते, आणि त्या काळात गप्प बसून निघून गेलेल्या मुलांचे चेहरे मला आठवतात. तेव्हा कॉलेजांना धारेवर धरा, पालकसभेत उभं राहून विचारा की माझ्या मुलीचे जीएफएम तिच्याशी शेवटचं कधी बोलले. पण व्यवस्था ढिली आहे म्हणून शिक्षा मुलीला का?

बुधवारपासून धनकवडीतल्या त्या खोलीत चौघी रात्री मेसवरून आल्या की तासभर एका कॉटवर बसतात. लातूरची मुलगी आयलरच्या प्रमेयात पक्की निघाली. भाची तिला ग्राफिक्सचे प्रोजेक्शन समजावते. काल तिनं मला रात्री अकराला फोटो पाठवला, एका गणितावर चौघींची चार वेगळी उत्तरं आणि खाली, "मावशी, सांगू नकोस कोणाचं बरोबर आहे."

ताई, तू रोज फोनवर मार्क विचारतेस ते थांबव. आज कोणाबरोबर अभ्यासाला बसलीस आणि काय अडलं, हे विचार. ती फॉरवर्ड नणंदेला परत पाठवू नकोस, हे पाठव. आणि दाजींना सांग, गाडी दिवाळीला पाठवा. परतताना चौघींना पुरेल एवढा फराळ बरोबर दे, एंड-सेम त्यानंतरच आहे.