शंभर किलोमीटरच्या आधी शंभर किलोमीटर कशाला?

जळगाव-धुळ्याकडच्या चालणाऱ्या-पळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: '१०० किलोमीटरच्या आव्हानात उतरायचं तर आठवडाभर आधी एकट्याने सगळं अंतर चालून या. सोबत कुणी नको, फोन बंद ठेवा. भर उन्हात चाला, पाणी मोजकंच प्या, शरीर कणखर होतं. पाय दुखले तर गोळी घ्या, थांबू नका. ज्याला हे जमत नाही त्याने नाव देऊ नये.' नव्याने सरावाला लागलेली पोरं-पोरी हे खरं मानतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. मोठ्या आव्हानाआधी एकट्याने एकदा लांब चालून यायलाच हवं, हे मलाही पटतं. पण ते कसं करायचं याबद्दल मेसेजमध्ये जे सांगितलंय, ते माणसाला दवाखान्यात पोचवणारं आहे.

पहिला मुद्दा, पूर्ण अंतर आणि तेही आठवडाभर आधी. लांब चालीने, त्यातही उताराने, मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना बारीक इजा होते. दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि मग कमी होतं, पण दुखायचं थांबलं म्हणजे ताकद परत आली असं नाही. तोरणमाळचा सातपायरी घाट उतरून आलेल्याला विचारा, दुसऱ्या दिवशी घराची पायरी उतरताना भिंत धरावी लागते. असे पाय घेऊन आठ दिवसांत १०० किलोमीटरला उभं राहायचं? सरावाची रूढ पद्धत वेगळी आहे. सगळ्यात लांब चाल एकूण अंतराच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ६० ते ६५ किलोमीटर, आणि तीही तीनेक आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत जायचं. उरलेली तयारी आठवड्याच्या एकूण चालण्यातून होते: शनिवारी ३० आणि थकल्या पायांनी रविवारी २०, असं.

आणि 'जमत नाही त्याने नाव देऊ नये' म्हणणाऱ्यांनी आपल्याच मुलखाकडे बघावं. चैत्र पौर्णिमेला खान्देशातून हजारो माणसं सप्तशृंगगडावर पायी जातात. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिन्याहून अधिक काळ चालत जाते. यातलं कुणी आधी घरून पंढरपूरला जाऊन, परत येऊन मग वारीला निघत नाही.

मग एकट्याने लांब चालायचं कशासाठी? शरीर आणि सामान यांची गाठ घालण्यासाठी. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ जाळीच्या बुटातून आत शिरते, घामात कालवली जाते आणि मोज्याच्या शिवणीशी तिचा थर बसतो. पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास टाचेच्या कडेला चटका जाणवायला लागतो. फोड अजून आलेला नसतो, कातडी फक्त लाल आणि गरम असते. तिथेच बूट काढायचा, मोजा उलटा करून झटकायचा, पाय कोरडा करायचा आणि टेप सपाट, सुरकुती न पडता लावायची. पाच मिनिटांचं काम. तेवढं टाळलं तर पुढचे साठ किलोमीटर तुम्ही लंगडत चालणार, आणि लंगडत चालल्याने गुडघा धरणार.

खाण्याचंही तसंच. केळी आपल्या घरची, रावेर-यावलची, म्हणून खिसे भरून निघतात. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण घामातून मुख्यतः जातं ते सोडियम, आणि ते केळ्यात जवळजवळ नसतंच. शिवाय सहा-सात तासांनी गोड नको होतं. तेव्हा कळण्याची भाकरी चालेल का, शेव-चिवडा पचेल का, तिखट ठेच्याने पोट बिघडेल का, हे स्पर्धेच्या दिवशी शोधायचं नसतं.

वेगाचं शिक्षण मात्र एकट्यालाच मिळतं. घोळक्यात आपण दुसऱ्याच्या पायांनी चालतो. गप्पांत पहिले वीस किलोमीटर जोरात जातात, त्याचं मोल रात्री चुकवावं लागतं. एकटं असलं की आपला खरा वेग कळतो, कंटाळा कधी येतो आणि किती वेळाने जातो तेही कळतं. एवढ्यासाठी मी या एकट्या चालीच्या बाजूने आहे.

पण एकटं म्हणजे बेपत्ता नव्हे. फोन बंद ठेवण्यात कसली मर्दुमकी? सातपुड्यात तशीही बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. कोणत्या वाटेने जाणार, कुठल्या गावाला किती वाजता पोचणार, हे घरी लिहून ठेवायचं आणि ठरलेल्या वेळी फोन करायचा. वाट अशी निवडायची की दर आठ-दहा किलोमीटरवर गाव आणि पाणी असेल. यावल किंवा गौताळा अभयारण्यात परवानगीशिवाय आणि एकट्याने जायचंच नाही. तिथे बिबट्या आहे. हायवेच्या कडेने चालावं लागलं तर उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं.

आता ऊन आणि पाणी. मला सगळ्यात जास्त राग याच ओळीचा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि तिथे 'पाणी मोजकंच प्या' म्हणून सांगणं हा गुन्हा आहे. शरीराला उन्हाची सवय होते हे खरं. त्याला १० ते १४ दिवस लागतात, रोज थोडा वेळ वाढवत. पण सवय झालेल्या शरीराला घाम लवकर आणि जास्त येतो, म्हणजे पाणी जास्त लागतं. पाण्याविना राहायची सवय शरीराला कधीच होत नाही. गडावर पायी जाणारे लोक पहाटे आणि रात्री चालतात, दुपारी सावली धरतात, ते उगाच नाही.

याचं दुसरं टोकही वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं गरजेपेक्षा जास्त प्यालेलं पाणी. म्हणून तहान लागेल तसं प्यायचं, सोबत खारं खायचं. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच कालवायची, अर्ध्या बाटलीत नाही.

उष्माघातात डोकं गोंधळतं. माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, आणि आपल्याला काही होतंय हे त्याचं त्यालाच कळत नाही. एकटा, फोन बंद, भर उन्हात, पाणी तोडून: मेसेजच्या चार सूचना इथे एकत्र येतात. असं कुणी दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

राहिली गोळी. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. शरीरातलं पाणी आधीच उतरलेलं असताना हा भार त्यांना झेपत नाही. शिवाय पायाच्या हाडाला चीर जात असेल, तर थांबायची सूचना देणारी वेदनाच तुम्ही दाबून टाकता. लांब चालीनंतर लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी झाली, तर स्नायू मोडून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. तेव्हा घरी जाऊन झोपायचं नाही, उद्या बघू म्हणायचं नाही, आणि अजून एक गोळी तर मुळीच घ्यायची नाही. त्याच पावली दवाखाना गाठायचा आणि किती चाललो, काय घेतलं, हे डॉक्टरांना सगळं सांगायचं.