वाहत्या कानात तेल ओतायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

महिन्याभरापूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. कान, नाक आणि घशाचे सगळे आजार घरच्या घरी बरे करा, स्पेशालिस्टच्या खिशात हजारो रुपये घालू नका, असा त्याचा मथळा. खाली नऊ उपाय आणि शेवटी 'किमान दहा जणांना पाठवा'. माझ्या जाऊबाईंनी तो ग्रुपवर टाकला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट घरात लहान मूल आहे, उपयोगी पडेल, एवढाच विचार होता. तो उपयोगी पडला तो असा, की त्यांची स्वतःची चार वर्षांची नात आठ दिवस दवाखान्यात होती आणि तिच्या कानामागे चीर द्यावी लागली.

मी डॉक्टर नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सव्वीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केलंय. कान फुटलेली मुलं किती पाहिली त्याचा हिशोब नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि चिडून लिहिते आहे.

मेसेजमधला तिसरा उपाय असा: कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर तेलात लसूण आणि ओवा कडकडीत तळून, तेल कोमट करून सकाळ-संध्याकाळ चार थेंब कानात टाका. वाहणं वाढलं तर घाबरू नका, आतली घाण बाहेर पडते आहे.

हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं त्याला कदाचित कल्पनाही नसेल की त्याने केवढं नुकसान केलंय. आमच्या पोरीचं काय झालं ते सांगते. तिला सर्दी होती. एका रात्री कान धरून रडायला लागली. आईने तेल घातलं. पहाटे पोर झोपली आणि सकाळी उशीवर पिवळा डाग. दुखणं थांबलेलं. सगळ्यांना वाटलं, तेलाचा गुण आला. मग मेसेजात लिहिल्याप्रमाणे चार दिवस तेल चालू राहिलं.

प्रत्यक्षात आत काय घडलं होतं? नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या मधल्या भागापर्यंत एक बारीक नळी असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दीतले जंतू सहज कानात चढतात. आत पू साठतो, पडद्यावर ताण येतो, मूल कळवळतं. ताण फार झाला की पडदा फाटतो, पू बाहेर येतो आणि ताण गेल्यामुळे दुखणं थांबतं. तेल घातलं नसतं तरी हेच झालं असतं. पडदा शाबूत असताना बाहेरून घातलेलं तेल पडद्यापलीकडे जातच नाही. आणि पडदा फाटल्यावर? तेव्हा मात्र ते त्या भोकातून थेट आत जातं. बाहेरची घाण, तेलातले लसणाचे कण, जंतू, सगळं घेऊन. म्हणजे ज्या घडीला तेल थांबवायला हवं, नेमकी त्याच घडीला हा मेसेज म्हणतो की चालू ठेवा.

पाचव्या दिवशी पोरीला ताप चढला. मी गेले तेव्हा तिचा कान पुढे ढकलल्यासारखा दिसत होता आणि कानामागे लाल, गरम सूज होती. बोट लावू देईना. तिच्या आईला मी एवढंच म्हटलं, चप्पल घाल आणि निघ. कानामागचं ते हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं आणि त्याच्या पलीकडे पातळशा भिंतीआड मेंदू असतो. पू त्या हाडात शिरला होता. तो आणखी आत गेला असता तर मेंदूज्वर, मेंदूत गळू. तेलामुळेच पू हाडात गेला असं मी शपथेवर सांगणार नाही, तेल न घालताही असं होऊ शकतं. पण तेलाच्या भरवशावर चार दिवस वाया गेले, हे मी शपथेवर सांगते.

आता खरं काय करायचं. हे माझ्या मनचं नाही. दोन महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांसाठी आयएमएनसीआय नावाची जी मार्गदर्शिका आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीवरून भारत सरकारने घेतलेली, तिच्यात कानाचं एक पान आहे. आम्हाला ते तोंडपाठ करायला लावलं होतं. त्या पानावर तीनच गोष्टी पाहायच्या असतात. कानामागे दुखरी सूज आहे? तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन तातडीने मोठ्या दवाखान्यात. कान चौदा दिवसांपेक्षा कमी वाहतोय किंवा दुखतोय? तर पाच दिवस अँटिबायोटिक, वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल, कान वातीने कोरडा करणं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तपासणी. चौदा दिवस किंवा जास्त वाहतोय? तर वातीने कोरडा करणं आणि डॉक्टरांनी दिलेले कानाचे थेंब दोन आठवडे. तेलाचं नाव त्या पानावर कुठेच नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या कानाच्या काळजीच्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय, कानात गरम किंवा गार तेल, झाडपाल्याचे रस, रॉकेल, काही घालू नका. त्यात आपल्याकडचा झेंडूच्या पाल्याचा रस आला, रुईचा चीक आला, आईचं दूधही आलं.

वात कशी करायची तेही लिहिते, कारण मेसेज पुढे पाठवणारे हे कधी लिहीत नाहीत. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणारा सुती कपडा घ्या, जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा उत्तम. त्याची निमुळती वात वळा, अलगद कानात ठेवा, ओली झाली की काढा, नवी ठेवा. वात कोरडी बाहेर येईपर्यंत. दिवसातून निदान तीनदा. काडीला कापूस गुंडाळून नाही, बाजारातल्या बड्सनेही नाही. आंघोळीला कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, विहिरीत पोहायचं नाही. वाहता कान कोरडा करायचा असतो, ओला नाही. एवढं एक जरी ध्यानात राहिलं तरी बास.

आणि कान वर्षानुवर्षं थोडा थोडा वाहतोय, पण घाण वास मारतोय, असं असेल तर 'लहानपणापासूनच आहे' म्हणून सोडू नका. त्यातला एक प्रकार हाड कुरतडत जातो. चक्कर येणं, तोंड वाकडं होणं इथपर्यंत गोष्ट जाते. अशी मोठी माणसं मी पाहिली आहेत, ज्यांना लग्नात नीट ऐकू येत होतं आणि नातवंडं झाली तेव्हा येत नव्हतं.

एक गोष्ट कबूल करते. मळ दगडासारखा घट्ट झाला असेल, कान दुखत नसेल, वाहत नसेल, पडद्याला कधी भोक पडलेलं नसेल, तर तो मऊ करायला दोन-तीन थेंब तेल काही दिवस चालतं. डॉक्टरही सांगतात. मेसेजचा पहिला उपाय तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण त्याच ओळीत पुढे 'दर रविवारी मळ काढा' म्हटलंय, ते चूक. कान स्वतःच मळ बाहेर ढकलतो. कोरणं घातलं की तो उलटा आत ठासला जातो.

पाचवा उपाय कानाला दडे बसण्याचा. जांभई द्या, नाक दाबून फुंका, आठ-पंधरा दिवसांत आपोआप उघडतात. सर्दीत, घाटात, विमानात बसलेले दडे उघडतात, हे खरं. पण रात्री नीट झोपलेल्या माणसाला सकाळी एका कानाने ऐकूच येत नाही, कानात शिट्टी वाजते, कधी गरगरतं, तो दडा नसतो. ती कानाची नस अचानक गेलेली असू शकते, आणि त्यावरचे स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तरच फायद्याची आशा जास्त. म्हणजे मेसेज जे पंधरा दिवस वाट पाहायला सांगतो, तेच उपचाराचे दिवस. तोंड मिटून हूं-हूं करून पाहा. आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू आला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी निघा. ही कच्ची परीक्षा आहे, शंका असली तरी श्रवणचाचणीच करायची.

घोळणा फुटला तर डोकं मागे टाकून कांदा हुंगवा, हा सहावा. आमच्या आजीनेही हेच केलं. पण डोकं मागे टाकलं की रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं, घशातून पोटात जातं आणि मग मूल काळी उलटी करतं. बसवा, पुढे वाकवा, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट धरा, तोंडाने श्वास. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा माणूस रक्त पातळ करायची गोळी घेणारा असेल, तर दवाखाना.

जलनेतीचा उपाय मला मोडून काढायचा नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने सायनसच्या लोकांना खरंच मोकळं वाटतं. पण मेसेजात 'नळाचं ताजं पाणी' लिहिलंय. पाणी उकळून गार केलेलंच हवं. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुतलेली दोन माणसं मेंदू खाणाऱ्या अमीबाने दगावली होती. केरळात गेली काही वर्षं त्याच जातीच्या आजाराचे रुग्ण सापडताहेत, आणि तिथे संशय तळी-विहिरींच्या पाण्यावर आहे. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ, पाणी उकळलेलं, भांडं धुतलेलं. मग करा खुशाल.

ओवा-लवंग-कापराची पुरचुंडी म्हणजे तीच, जी २०२१ च्या लाटेत ऑक्सिजन वाढवते म्हणून फिरत होती. तेव्हाही वाढवत नव्हती. ओव्याच्या वासाने मोठ्या माणसाला बरं वाटतं, वाटू दे. पण तान्ह्याच्या उशाशी कापूर ठेवू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. आणि मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर पुरचुंडी बाजूला ठेवा. आत शेंगदाणा, चिंचोका, खडू असं काहीतरी अडकलेलं असतं. खेळण्यातला बटणासारखा सेल असेल तर काही तासांत नाकाचा आतला पडदा जळतो. चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं.

घशाच्या दोन उपायांबद्दल फार लिहीत नाही. हळद-मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, करा. आराम पडतो. मात्र पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला खोकला-सर्दी नसताना घसा खूप दुखतोय, ताप आहे, गळ्याच्या गाठी दुखताहेत, तर घसा दाखवून घ्या. काही जंतूंच्या घसादुखीनंतर संधिज्वर होतो आणि तो हृदयाच्या झडपा खराब करतो. योग्य अँटिबायोटिक नऊ दिवसांच्या आत सुरू झालं तर तो टळतो. थुंकी गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला आवाज येतोय, तर त्या रात्रीच जायचं. आणि मिसरी, तंबाखू, बिडी असणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर 'महिना-दोन महिने ज्येष्ठमध चघळा' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. आतून दुर्बिणीने पाहिल्याशिवाय तिथे काही कळत नाही.

उरलेला एक उपाय तुळशीच्या काढ्याचा आहे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आता त्या मथळ्याबद्दल, कारण मेसेज खरा खपतो तो त्याच्यावर. स्पेशालिस्ट महाग असतो, तालुक्याला नसतो, एसटीचा दिवस मोडतो, रोज बुडतो. हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण कान फुटलेल्या पोराला पहिल्या दिवशी स्पेशालिस्ट लागतच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात अँटिबायोटिक, पॅरासिटामॉल मिळतं आणि कानामागे बोट लावून पाहायला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांच्या यादीत कान वाहणं आणि कमी ऐकू येणं दोन्ही आहे. पथक येईल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. जे हजारो रुपये वाचवायला हा मेसेज सांगतो, ते आमच्या घरात तेलाच्या चार दिवसांनंतर गेले, आधी नाही.

पोर आता बरी आहे. पडद्याचं भोक भरत आलंय, टाके सुटलेत, पुढची तपासणी पंधरा दिवसांनी. जाऊबाईंनी तो मेसेज ग्रुपवरून काढला, पण त्याआधी त्यांनी तो माहेरच्या ग्रुपवर आणि भिशीच्या ग्रुपवरही टाकला होता. तिथे आज त्यांनी स्वतः लिहिलं, 'तिसरा उपाय करू नका, आमच्या नातीला त्रास झाला.' त्याखाली वातीचा फोटो टाकलाय. ज्यांच्याकडे तो मेसेज पोहोचला असेल त्यांनी हे त्याच ग्रुपवर, त्याच्याच खाली टाकावं.