ताईच्या हातातलं ओटीचं ताट

आज ताईच्या जावेचं डोहाळजेवण होतं. ताई ओटी भरायला उठली, तर एका काकूंनी तिच्या हातातून ताट काढून घेतलं. "राहू दे गं तू. तुझ्या वेळी काय झालं माहितीये ना!" मागून कुजबुज, ग्रहणात सुरी धरली होती म्हणे हिनं. चार वर्षं झाली, अजून तेच!

माझ्या भाचीला जन्मतः उजव्या बाजूचा डायफ्रॅमॅटिक हर्निया होता. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा अर्धवट राहिला आणि त्या भोकातून यकृत वर छातीत शिरलं. फुप्फुसाला वाढायला जागाच उरली नाही. दर अडीच-तीन हजार बाळांमागे एकाला हा आजार होतो, त्यातही बहुतेकांना डाव्या बाजूला. उजवीकडचं सोनोग्राफीत चटकन कळतही नाही, कारण यकृत आणि फुप्फुस जवळपास सारखेच दिसतात.

आणि काकू, हा पडदा तिसरा महिना संपायच्या आत बंद व्हायला हवा असतो. तेव्हा ताईनं घरात सांगितलंसुद्धा नव्हतं! तुम्ही म्हणता ते ग्रहण सातव्या महिन्यातलं.

हर्निया म्हटल्यावर कुणी म्हणालं, आमच्या ह्यांनाही होता, पट्टा बांधा. यकृत म्हटल्यावर कुणी काविळीचं औषध आणून दिलं. काळजीपोटीच, मान्य. काही बाळांत गुणसूत्रांचा दोष सापडतो, तेही खरं. पण बहुतेक वेळा कारणच सापडत नाही. मग आईलाच का धरायचं?

पोरीचं पोट खोल गेलेलं, नाकातोंडात नळ्या. लगेच ऑपरेशन का नाही म्हणून बाबा डॉक्टरांवर ओरडले. आधी श्वास आणि फुप्फुसातला रक्तदाब स्थिर व्हावा लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी यकृत खाली ओढून पडदा शिवला. त्या चार रात्री ताई एकच विचारायची, "मी काय केलं गं?"

आज स्वयंपाकघरात तिनं पुन्हा तेच विचारलं. पोर तिच्या पदराशी खेळत होती.

पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. ताई, चुकलं माझं. मघाशी तुझ्या जावेचा फोन आला होता, रडत होती. म्हणाली, ताईंनी ओटी भरल्याशिवाय मला चैन पडणार नाही. उद्या सकाळी नारळ घेऊन येते मी, तयार राहा.