‘अल्फेलियन’ आणि जुलैतली थंडी : एका संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

पावसाळा स्थिरावून हवेत गारवा आला की व्हॉट्सॲपवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा : उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून ‘अल्फेलियन’ नावाची घटना सुरू होत आहे आणि पृथ्वी सूर्यापासून फार दूर जाणार आहे, एरवी हे अंतर ५ प्रकाश-मिनिटे, म्हणजे ९ कोटी किलोमीटर असते, ते आता १५ कोटी २० लाख किलोमीटर, म्हणजे ६६ टक्क्यांनी अधिक होईल, त्यामुळे ऑगस्टपर्यंत पूर्वी कधीही नव्हती एवढी थंडी पडेल आणि अंगदुखी, घसा धरणे, ताप, खोकला, धाप लागणे असे त्रास होतील, म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊन प्रतिकारशक्ती वाढवावी.

या मजकुरातली एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्याच आधारावर बाकीचे सारे खपून जाते. पृथ्वी दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्यापासून सर्वांत दूर असते. कक्षेतल्या त्या बिंदूला मराठीत ‘अपसूर्य’ आणि इंग्रजीत ‘अफेलियन’ म्हणतात (संदेशातले ‘अल्फेलियन’ हे त्याचेच बिघडलेले रूप), आणि जानेवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या सर्वांत जवळच्या बिंदूला ‘उपसूर्य’. शाळेच्या भूगोलात हे शब्द येऊन गेलेले असल्यामुळे वाचणाऱ्याला मजकूर ओळखीचा वाटतो. म्हणूनच त्यातले दावे एकेक करून तपासणे गरजेचे आहे.

वेळेचा दावा चटकन निकालात निघतो. अपसूर्य हा एक क्षण आहे; तो अमुक वाजता ‘सुरू’ होऊन दीड महिना चालत नाही, आणि दरवर्षी तो एकाच वेळी येतही नाही. २०२४ मध्ये भारतीय वेळेनुसार तो ५ जुलैला सकाळी साडेदहाच्या सुमारास आला होता, तर २०२५ मध्ये ४ जुलैला मध्यरात्र उलटून गेल्यावर. संदेशातले ‘उद्या’ आणि ‘५.२७’ मात्र वर्षानुवर्षे तेच राहिले आहेत. शिवाय या क्षणाच्या आगेमागे अंतर इतक्या संथपणे बदलते, की दहा दिवस आधी किंवा दहा दिवस नंतर मोजले तरी फरक ४० हजार किलोमीटरपेक्षा कमी भरतो. १५ कोटींच्या अंतरात हा फरक कुणाला जाणवणे शक्य नाही.

आता अंतराच्या आकड्यांकडे येऊ, कारण संदेशाचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. १५ कोटी २० लाख किलोमीटर हा अपसूर्याच्या वेळचा आकडा जवळपास बरोबर आहे; नेमके अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर असते. चूक आहे ती ‘नेहमीच्या’ अंतरात. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर ९ कोटी किलोमीटर नसून १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. सूर्यप्रकाशाला ते कापायला ५ मिनिटे नव्हे, तर सुमारे ८ मिनिटे १९ सेकंद लागतात. उपसूर्याच्या वेळी हा काळ ८ मिनिटे ११ सेकंद असतो आणि अपसूर्याच्या वेळी ८ मिनिटे २७ सेकंद. वर्षभरातला एकूण फरक १६ सेकंदांचा. ९ कोटी हा आकडा बहुधा मैलांतून आला असावा, कारण हेच सरासरी अंतर मैलांत ९ कोटी ३० लाख भरते. एक आकडा मैलांचा आणि दुसरा किलोमीटरचा घेऊन वजाबाकी केली, की पृथ्वी सहा कोटी किलोमीटर दूर फेकली गेल्याचे दिसणारच. ६६ टक्क्यांचा आकडा तर संदेशाच्या स्वतःच्या हिशेबातही बसत नाही. ९ कोटींवरून १५ कोटी २० लाखांवर जायचे तर वाढ जवळजवळ ६९ टक्के होते.

९ कोटी किलोमीटर हे अंतर खरे धरले तर काय होईल, हेही पाहण्यासारखे आहे. शुक्र सूर्यापासून १० कोटी ८२ लाख किलोमीटरवर फिरतो. म्हणजे संदेशातली पृथ्वी वर्षाचा बराच काळ शुक्राच्या कक्षेच्या आत घालवते आणि तिथे तिला आजच्या पावणेतीनपट सूर्यप्रकाश सोसावा लागतो. तसे असते तर जुलैतल्या थंडीची चिंता करायला इथे कुणी उरलेच नसते.

प्रत्यक्षात उपसूर्याचे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर आहे. दोन टोकांमधला फरक ५० लाख किलोमीटरचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांहूनही कमी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे आपण सगळेच शिकतो, पण ती किती लंबवर्तुळाकार आहे हे सहसा कुणी सांगत नाही, आणि पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या समजावून देण्याच्या सोयीसाठी तिला अंड्यासारखी लांबोडकी करून दाखवतात. ही कक्षा १० सेंटिमीटर व्यासाची करून कागदावर प्रमाणात काढली, तर तिच्या लांबी-रुंदीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाही फरक पडत नाही. सूर्य तेवढा केंद्रापासून जेमतेम ०.८ मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. संदेश चटकन पटतो याचे निम्मे कारण त्या आकृत्यांमध्ये आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, त्यांना हे घरी मोजून पाहता येते. लहान आरशावर काळा कागद चिकटवून त्याला ५ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि सूर्यप्रकाशाचा कवडसा १० मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडावा. भिंतीवर जे गोल बिंब उमटते ते सूर्याचीच प्रतिमा असते. भोकामुळे कडेला आलेली अस्पष्टता वजा केली, तर या बिंबाचा व्यास जानेवारीत साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास आणि जुलैच्या सुरुवातीला त्याहून सुमारे ३ मिलिमीटरने कमी भरतो. अंतर मात्र दोन्ही वेळा टेपने नीट मोजून सारखेच ठेवले पाहिजे, नाहीतर ३ मिलिमीटरचा फरक त्या चुकीतच हरवून जाईल. संदेशातले अंतर खरे असते तर जवळच्या दिवसांत हेच बिंब साडेपंधरा सेंटिमीटरचे झाले असते आणि आकाशातला सूर्य चांगलाच फुगलेला दिसला असता. प्रयोग करताना सूर्याकडे किंवा आरशातल्या त्याच्या प्रतिबिंबाकडे कधीही थेट पाहू नये. फक्त भिंतीवरचे बिंब पाहावे.

यानंतरचा मुद्दा थंडीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ‘दूर म्हणजे थंड, जवळ म्हणजे गरम’ ही समजूत संदेश न वाचलेल्यांच्या मनातही घट्ट बसलेली असते. अंतरातल्या फरकाचा परिणाम शून्य आहे असे नाही. वातावरणाच्या बाहेर, किरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १,४०८ वॉट ऊर्जा पडते आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १,३१७ वॉट. म्हणजे साडेसहा टक्के कमी. परंतु पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे किरण किती तिरपे पडतात आणि दिवस किती मोठा असतो, हे दोन्ही बदलतात, आणि हा बदल अंतराच्या परिणामाला सहज मागे टाकतो. पुण्याचेच उदाहरण घेऊ. जानेवारीच्या सुरुवातीला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, तर अपसूर्याच्या सुमारास सुमारे ८६ अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर. तिरप्या किरणांचा हिशेब केला तर पुण्याच्या माथ्यावर, वातावरणाच्या वर, आडव्या चौरस मीटरला जानेवारीच्या दुपारी सुमारे १,०६० वॉट मिळतात आणि जुलैच्या दुपारी सुमारे १,३१०. सूर्य ५० लाख किलोमीटर दूर गेलेला असूनही ऊर्जा जवळजवळ चोवीस टक्क्यांनी अधिक! त्यातच जानेवारीतला दिवस सुमारे ११ तासांचा आणि जुलैतला १३ तासांहून थोडा मोठा असतो.

मग जुलैत गारवा का वाटतो? कारण आपल्याकडे तेव्हा नैऋत्य मोसमी पाऊस असतो. ढगांचा जाड थर ऊन अडवतो, ओली जमीन बाष्पीभवनात उष्णता खर्च करते आणि समुद्रावरून दमट वारे येत राहतात. जिथे हे ढग नसतात तिथे अपसूर्याच्या महिन्यात काय होते, हे इराक आणि कुवेतकडे पाहून कळते. तिथे जुलै हा होरपळवणाऱ्या महिन्यांपैकी एक आहे. उलट मेलबर्नमध्ये जानेवारीत उन्हाळा आणि जुलैत हिवाळा असतो. अंतरामुळे ऋतू होत असते तर पुणे, कुवेत आणि मेलबर्न या तिन्ही ठिकाणी थंडी एकाच महिन्यात पडली असती, कारण सूर्यापासूनचे अंतर तिघांनाही सारखेच आहे. पृथ्वीच्या संपूर्ण पृष्ठभागाची सरासरी काढली तर जुलै हा जानेवारीपेक्षा दोन अंशांहून अधिक उबदार भरतो. उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे, आणि जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, हे त्याचे कारण.

अंतर कुठेच महत्त्वाचे नसते, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. मंगळाची कक्षा आपल्यापेक्षा बरीच अधिक लंबवर्तुळाकार आहे. सूर्यापासून त्याचे अंतर सुमारे २० कोटी ६७ लाख ते २४ कोटी ९२ लाख किलोमीटर असे बदलते. जवळच्या टोकाला त्याला दूरच्या टोकापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक प्रकाश मिळतो आणि तिथल्या ऋतूंवर त्याचा ठळक परिणाम होतो.

आजारांचा दावा तपासायला खगोलशास्त्राचीही गरज नाही. पावसाळ्यात ताप आणि खोकला वाढतो तो विषाणू, डास, साचलेले आणि दूषित पाणी यांमुळे. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस हे याच दिवसांतले आजार आहेत; २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. ताप आलेल्या माणसाने हे ग्रहताऱ्यांमुळे आहे असे समजून गोळ्या घेत घरी बसणे, हा या संदेशाचा सर्वांत घातक परिणाम आहे. अशा तापात वेळेवर रक्ततपासणी व्हायला हवी.

आता राहतो एक प्रश्न : अपसूर्याचा आपल्या जगण्यावर काहीच परिणाम होत नाही का? होतो, आणि तो आपल्या पंचांगात आहे. केप्लरच्या दुसऱ्या नियमानुसार सूर्यापासून दूर असताना पृथ्वी संथ चालते. उपसूर्यापाशी तिचा वेग सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर असतो, अपसूर्यापाशी सुमारे २९.३. म्हणून सूर्याला मिथुन रास ओलांडायला साडेएकतीस दिवस लागतात आणि धनू रास साडेएकोणतीस दिवसांच्या आतच संपते. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे महिने ३१ दिवसांचे आणि आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे ३० दिवसांचे आहेत, ते याच संथ चालीमुळे. चांद्र पंचांगात ज्या महिन्यात सूर्याची एकही संक्रांत, म्हणजे एका राशीतून पुढच्या राशीत प्रवेश, होत नाही तो अधिक मानतात. चांद्रमहिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे तो दोन संक्रांतींच्या मध्ये पूर्णपणे बसण्याची शक्यता अपसूर्याच्या आसपास सर्वाधिक असते, तर धनूच्या सुमारास त्याला जवळपास जागाच उरत नाही. २०२० सारखा अधिक आश्विन अधूनमधून येतो खरा, पण २०१५ चा अधिक आषाढ, २०१८ चा अधिक ज्येष्ठ, २०२३ चा अधिक श्रावण आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ हे सगळे वर्षाच्या त्याच भागात पडतात, जिथे पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि तिची चाल मंदावलेली असते.