लांब पायांच्या कोळ्याबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

‘घराच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा लांब पायांचा कोळी जगात सर्वांत विषारी आहे, फक्त त्याचे दात आखूड असल्याने तो चावू शकत नाही,’ असा मेसेज फिरतोय. यातली दोन्ही विधानं खोटी आहेत. त्याचे दात माणसाच्या त्वचेत घुसू शकतात, पण विष इतकं सौम्य असतं की जरा चुरचुरून थांबतं. तो रेडबॅकसारख्या जहाल कोळ्यांनाही खातो. गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा. म्हणजे त्याला मारणं हा उलटा उद्योग!

सावध राहायचं ते ब्लॅक विडो या विषारी कोळ्याच्या मादीपासून: चकचकीत काळी, पोटाखाली लाल डमरूसारखी खूण. दुसरा विषारी कोळी म्हणजे ब्राउन रेक्लूज. त्याच्या पाठीवरची व्हायोलिनसारखी खूण फसवी असते. खरी ओळख म्हणजे आठऐवजी सहाच डोळे, जोडीजोडीने.

नुसत्या फवारणीवर विसंबू नका. अडगळ काढा, जाळी अंड्यांच्या पिशव्यांसकट व्हॅक्यूमने ओढून घ्या, फटी बुजवा. पडून राहिलेले बूट झटकूनच घाला. चावलाच तर जखम साबणाने धुऊन बर्फाने शेका; चिरणं, चोखणं नको. पोटात-पाठीत गोळे येऊ लागले किंवा जखम काळी पडू लागली, तर लगेच दवाखाना गाठा.