कादंबरीकाराने संमेलनाला कसे जावे

कादंबरी लिहून झाल्यावरच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला जायचे, असा हट्ट धरू नका. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते ग्रंथकारांचे संमेलन होते, म्हणजे ग्रंथ असणे तेव्हा गरजेचे असावे. आता ती अडचण उरलेली नाही.

तरीही लिहिली असलीच तर न्या. ८०,००० शब्द, चौदा पॉइंट, कागदाच्या एकाच बाजूला: साधारण २७० पाने, सव्वा किलो. तीन प्रती स्पायरल करून झोळीत टाका. ग्रंथदिंडीत लेझीम पथकामागे दोन किलोमीटर चाललात की साहित्याचे वजन कळते.

प्रकाशकाला गाठायचे ते रविवारी दुपारी बारालाच. तेव्हा तो एका हाताने क्यूआर कोड पुढे करत असतो, दुसऱ्याने सवलतीचे बिल फाडत असतो. सव्वा किलो त्याच्या गल्ल्यावर ठेवा. तिथून ते टेबलाखालच्या रिकाम्या खोक्यात जाते आणि सोमवारी टेम्पोत चढते. पुढचे कोणी पाहिलेले नाही. सकाळी स्टॉलवरची चादर निघत असते तेव्हा तो मोकळा असतो, चहाही पाजतो. पण मग विचारतो, कशावर आहे, किती पानांची आहे? उत्तर द्यावे लागते. शिवाय दोन पानी सारांश, एक प्रकरण आणि फोन नंबर एवढेच दिलेत तर ते खिशात बसते आणि घरी पोचून वाचलेही जाऊ शकते. हा धोका कशाला?

पेन ड्राइव्ह द्यायचा तर फाइल जुन्या फॉन्टमध्येच ठेवा, युनिकोडच्या नादी लागू नका. समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पहिल्या ओळीपासून कंस आणि टिंबे दिसतात. प्रयोगशील लेखन म्हणून खपून जाईल.

कवींचा हेवा करू नका. त्यांना कविकट्ट्यावर दोन-तीन मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात त्यांचे काम होते. तुमचे ८०,००० शब्द मिनिटाला सव्वाशेच्या वेगाने साडेदहा तासांवर जातात. म्हणून निवासाच्या सभागृहात शेजारच्या गादीवरचा पाहुणा झोपायच्या आत धरा.

कादंबरीवरच्या परिसंवादाला पहिल्या रांगेत बसा. उद्घाटनाची भाषणे लांबल्यामुळे त्याची वेळ आधीच कापलेली असते, प्रश्नोत्तरांना पाच मिनिटे उरतात. ती सगळी तुम्ही घ्या. प्रश्न मात्र विचारू नका, तुमचे कथानक सांगा.

इतके करून कोणी 'छापू या' म्हणाला आणि खर्च तुमच्याकडेच मागितला, तर लगेच हो म्हणा. छापील प्रती किती, तुमच्या गळ्यात किती, वितरण कोण करणार, हे करारात लिहून मागणे बरे दिसत नाही. ३०० प्रतींपैकी २०० खोक्यांतून घरी येतील. दिवाणाखाली माप घेऊन ठेवा.

समारोपाला मंडपात थांबू नका. ठराव वाचले जात असतात तेव्हा जेवणाची रांग सर्वांत लहान असते.