एरर २ वर ७७७चा उतारा नाही

‘टर्मिनलमध्ये नीट चालणारी पायथन स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) फाइल उघडत नसेल, तर सीएचमॉड ७७७ मारा’, म्हणजे फाइल सगळ्यांना वाचायला, लिहायला, चालवायला खुली करा, असा सल्ला फिरतोय. तो चुकीचा आहे. आधी एरर मेसेजमधला आकडा बघा. १३ असेल तर परवानगीची भानगड. २ म्हणजे दिलेल्या पाथवर, म्हणजे पत्त्यावर, फाइल सापडलीच नाही. क्रॉनचा जॉब स्क्रिप्टच्या फोल्डरमधून नव्हे, युजरच्या होम डिरेक्टरीतून (त्याच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमधून) सुरू होतो. त्यामुळे नुसतं ‘डेटा.सीएसव्ही’ लिहिलं की शोधाशोध भलत्याच घरात! पूर्ण पाथ द्या, नाहीतर क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत आधी सीडी करून फाइलच्या फोल्डरात जा. आणि १३ आला तरी ७७७ नकोच, मशीनवरच्या कुणाही युजरला लिहायची मोकळीक कशाला? फाइलचा मालक कोण आणि जॉब कुणाच्या नावाने चालतोय, एवढं ताडून बघा.